भरलं वजन, रिकामं वजन

जालना एमआयडीसीत वजन झाल्याशिवाय काही फाटकाबाहेर पडत नाही. भंगार घेऊन आलेला ट्रक आधी काट्यावर चढतो, माल उतरवून पुन्हा चढतो. भरलं वजन वजा रिकामं वजन, उरला तो माल. चिठ्ठीवर गाडीचा नंबर, तारीख, वेळ आणि दोन्ही आकडे. त्यात थोडीशी तफावत निघाली, की ड्रायव्हर, भंगारवाला आणि कारखान्याचा सुपरवायझर असे तिघंही काट्याच्या खोलीत येऊन उभे राहतात आणि चहा येईपर्यंत एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. भंगार वितळवणाऱ्या भट्टीतल्या प्रत्येक हीटला, म्हणजे एका वेळच्या वितळणीला, नंबर असतो, तयार सळईवर ग्रेड उठवलेली असते. बारा एमएम जाडीची, बारा मीटर लांबीची सळई म्हणजे १०.६६ किलो. आयएस १७८६ या मानकाप्रमाणे या जाडीला पाच टक्के इकडेतिकडे चालतं, त्यापुढे माल परत. शिवाय नमुन्याची सळई १८० अंशांत वाकवून बघतात. तडा गेला की नापास. सळईला बाजू मांडायची संधी मिळत नाही.

गावातला दुसरा मोठा धंदा बियाण्यांचा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको सुरू केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या धंद्यातही तीच शिस्त. पिशवीवर उगवणशक्ती छापायची, शुद्धता छापायची, चाचणीची तारीख आणि मुदतही छापायची. कापसाच्या संकरित बियाण्याची उगवण किमान ७५ टक्के हवी. उगवलं नाही तर शेतकरी तक्रार करतो, तालुक्याची समिती बांधावर येते, ओळी मोजून पंचनामा करते.

थोडक्यात, हे गाव शब्दावर माल घेत नाही. फक्त पाच वर्षांतून एकदा घेतं.

जालना नगरपालिकेची महानगरपालिका झाली २०२३ मध्ये. तिची पहिली निवडणूक व्हायला २०२६ चा जानेवारी उजाडला. ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात राज्यभरातल्या स्थानिक निवडणुका अडकल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये कान टोचले, तेव्हा गाडी हलली आणि १५ जानेवारीला राज्यातल्या २९ महानगरपालिकांसाठी एकदम मतदान झालं. जालन्यात ६५ जागा. त्या आधीची काही वर्षं कारभार प्रशासकाच्या हाती. म्हणजे आश्वासनं द्यायलाच कोणी नव्हतं. साठलेला माल एकदम बाजारात यावा तसं झालं. रिक्षांवर भोंगे चढले, चौकाचौकांत भावी नगरसेवक हात जोडून उभे राहिले आणि ज्यांनी आजवर कुणाचं काही केल्याचं ऐकिवात नव्हतं तेही फ्लेक्सवर कार्यसम्राट झाले.

तसं गाडीवर लिहिलेल्या मजकुरावर विश्वास ठेवायची जालन्याला हौस राहिलेली नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘राहुल वेड्स अंजली’ अशी स्टिकरं लावलेल्या गाड्यांचा ताफा गावात शिरला. लोकांना वाटलं, वऱ्हाड आलं. निघाले आयकर खात्याचे अधिकारी, आणि त्यांनी थेट स्टील उद्योगातल्या मंडळींच्या दारात मांडव घातला. तेव्हापासून इथे कुठलीही सजवलेली गाडी दिसली की लोक आधी खिसा चाचपतात. प्रचाराच्या रिक्षाकडेही त्याच नजरेने बघतात.

तर अशाच एका दुपारी एक पत्रक आमच्या काट्याच्या खोलीत येऊन पडलं. गुळगुळीत आर्ट पेपर, दोन्ही बाजूंनी रंगीत. वर पक्षातल्या वजनाच्या उतरत्या क्रमाने नेते. खाली चार उमेदवार, कारण प्रभाग चार जणांचा. चौघांच्याही चेहऱ्यावर एकाच फोटोग्राफरने आणलेला गोरेपणा. मागच्या बाजूला ‘आमचा संकल्प’. प्रभागाच्या सर्वांगीण विकासासाठी कटिबद्ध. पाणीप्रश्न कायमस्वरूपी मार्गी लावणार. रस्त्यांचा कायापालट करणार. युवकांच्या हाताला काम. महिलांचं सक्षमीकरण. ज्येष्ठांसाठी विविध उपक्रम. शेवटच्या माणसापर्यंत विकासाची गंगा. मी ते पत्रक उलटसुलट करून आकडे शोधले. प्रभाग क्रमांक होता, मतदानाची तारीख होती, साडेसात ते साडेपाच ही वेळ होती आणि तळाशी बारीक अक्षरात मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या. ती छापावीच लागते, नाहीतर आयोगाची नोटीस येते. पत्रकं किती छापली ते सांगण्याची सक्ती आहे. पाणी किती देणार ते सांगण्याची नाही.

काटेवाले मामा फार बोलत नाहीत. त्यांनी माझ्या हातातून पत्रक घेतलं, बाहेर गेले, रिकाम्या काट्याच्या मधोमध ठेवलं आणि वाऱ्याने उडू नये म्हणून बाजूला उभे राहिले. आत येऊन त्यांनी लाल आकड्यांकडे बोट दाखवलं. शून्य. साठ टनी काट्याला कागदाचं वजन कळणार कसं? पण मामांनी गंभीरपणे रजिस्टरकडे बघत विचारलं, “साहेब, भरलं शून्य, रिकामं शून्य. माल काय लिहू?” बाहेर रांगेत उभे असलेले ड्रायव्हरसुद्धा हसले. त्यातला एक छत्तीसगडचा होता, त्याला मराठी येत नव्हती. त्यालाही कळलं.

मग टपरीवर रोज नवा जाहीरनामा तयार होऊ लागला. एक म्हणाला, निवडून आलो तर घरोघरी कूलर. दुसरा म्हणाला, त्यापेक्षा उन्हाळाच रद्द करू. तिसऱ्याने जाहीर केलं की आपण प्रभागात समुद्र आणणार. त्यावर एक म्हातारबाबा बशीतला चहा फुंकत म्हणाले, “मग राहिलं काय भाऊ? बंदर तर येऊनच राहिलंय.”

हा टोला बाहेरगावच्या माणसाला समजणार नाही. मुंबईच्या समुद्रापासून सुमारे चारशे किलोमीटर आत असलेल्या आमच्या गावाला डिसेंबर २०१५ मध्ये बंदराचं भूमिपूजन लाभलं आहे. ड्रायपोर्ट, म्हणजे कोरडं बंदर. कल्पना चांगली आहे. कंटेनर इथेच भरावेत, इथेच त्यांची कस्टमची तपासणी व्हावी आणि पुढे रेल्वेने न्हावाशेव्याला जावेत. कारखानदारांना ते हवंच आहे. पण दहा वर्षं हे बंदर मालवाहतुकीपेक्षा भाषणवाहतूकच जास्त करत आलं. लोकसभेच्या भाषणात ते येतं, विधानसभेच्या भाषणात येतं, आणि या वेळी प्रभागातल्या गल्लीच्या सभेतही आलं. तीच गत रेल्वेची. जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली, खर्च ७,१०६ कोटी रुपये. आता लांबी आहे, रक्कम आहे, म्हणजे हे काट्यावर चढवता येईल असं वचन झालं. पण ते देणारं दिल्लीतलं मंत्रिमंडळ. गटारीवरच्या फरशीसाठी ज्याच्याकडे जायचं, त्या नगरसेवकाने रेल्वेचं श्रेय घ्यायचं म्हणजे लग्नाच्या पंगतीत वाढप्याने आहेर स्वीकारण्यासारखं आहे.

नगरसेवकाचं काम काय, हे खरं तर राज्यघटनेतच लिहून ठेवलेलं आहे. ७४व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली आणि तिच्यात नागरी संस्थांसाठी अठरा विषय दिले. पाणीपुरवठा, रस्ते, कचरा, अग्निशमन, दिवाबत्ती, उद्यानं, स्मशानभूमी, जन्ममृत्यूची नोंद, असे अगदी घरगुती विषय. त्यात एक कोंडवाडाही आहे. मोकाट जनावरांनी भर चौकात बैठक मारलेली असते, वाहतूक त्यांना वळसा घालून जाते, पण आजवर कोंडवाड्याचं वचन दिलेला उमेदवार मी पाहिला नाही. कोंडवाड्याला जागा लागते, माणूस लागतो, कडबा लागतो. आणि मुख्य म्हणजे तो झाला की नाही हे कुणालाही चौकात उभं राहून सांगता येतं. सर्वांगीण विकासाची मात्र मोठी सोय असते. तो झाला नाही हे सिद्ध करायचं तर आधी सगळी अंगं मोजावी लागतात.

आम्ही वसाहतीत काम करणारे तर आणखी मजेशीर पेचात असतो. एमआयडीसी हे १९६२ मध्ये स्थापन झालेलं राज्य सरकारचं महामंडळ. वसाहतीतले रस्ते, पाणी, दिवे हा त्याच्या खात्याचा मामला. म्हणजे कारखान्यापुढच्या खड्ड्याबद्दल ज्याचं भाषण ऐकायचं, तो खड्डा त्याच्या हद्दीत पडतो का, इथूनच चौकशीला सुरुवात. खड्ड्याला मात्र हद्द कळत नाही.

जालन्यात सगळ्या वचनांचा राजा म्हणजे पाणी. निजामाच्या काळात बांधलेला घाणेवाडीचा तलाव उताराच्या जोरावर, पंपाशिवाय शहराला पाणी देत आला. पुढे गाव वाढलं, तलावात गाळ भरला. २०१२-१३ च्या दुष्काळात तळ दिसला आणि शहर टँकरवर आलं. त्याच सुमारास पैठणहून, जायकवाडीच्या नाथसागरातून, जलवाहिनी आली. घाणेवाडीचा गाळ काढायला गावातले नागरिक आणि उद्योजक पुढे आले. ही झाली कामं. ती करताना कुणाला तरी घनमीटर मोजावे लागले, पाइपाचा व्यास ठरवावा लागला. तरीही आमच्या घरांत आठवडा-आठवडा नळाची वाट बघण्याची सवय मोडलेली नाही, आणि प्रत्येक निवडणुकीत ‘पाणीप्रश्न कायमचा मिटवणार’ ही ओळ नव्या रंगात छापून येते. ‘प्रत्येक गल्लीत दोन दिवसांआड, सकाळी सहा ते सात’ असं कुणी छापत नाही. कारण त्याचा निकाल लावायला पाच वर्षं थांबावं लागत नाही. बुधवारी सकाळी हंडा घेऊन उभी राहिलेली कुठलीही बाई सात वाजून पाच मिनिटांनी निकाल जाहीर करू शकते.

उमेदवारांना आकडेमोड येत नाही, असं मात्र समजू नये. त्याच महापालिका निवडणुकांच्या हंगामात पुण्यातल्या काही इच्छुकांनी सोडतीत जमीन, मोटार, थायलंडची सहल अशी आमिषं दाखवल्याच्या बातम्या देशभर छापून आल्या. त्यात सगळं रोखठोक होतं. सहल किती दिवसांची, जमीन किती चौरस फूट. आमच्या शेजारच्या पैठणला २०१६ च्या नगरपालिका निवडणुकीत जालन्याचे तेव्हाचे खासदार आणि भाजपचे प्रदेशाध्यक्ष रावसाहेब दानवे यांनी मतदानाच्या आदल्या दिवशी घरी येणाऱ्या लक्ष्मीचं स्वागत करा, अशा आशयाचं वक्तव्य केलं आणि राज्य निवडणूक आयोगाने त्यांना नोटीस धाडली. लक्ष्मीदर्शन हा शब्द त्याआधीही गावागावांत होता, त्या सभेनंतर तो वर्तमानपत्रांच्या मथळ्यात गेला. हा व्यवहार बघा. त्यात किती, कधी, कुठे, घरटी की माणशी, सगळं ठरलेलं असतं. जे रात्री द्यायचं त्याला आकडा असतो. जे दिवसाउजेडी द्यायचं ते विशेषणांत येतं.

न्यायालयाकडे जाऊन उपयोग नाही. एस. सुब्रमण्यम बालाजी विरुद्ध तामिळनाडू सरकार या २०१३ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जाहीरनाम्यातली आश्वासनं हा कायद्याने भ्रष्ट आचार ठरत नाही. त्या निकालानंतर केंद्रीय निवडणूक आयोगाने पक्षांना सूचना दिली की वचन देताना त्यामागचं कारण आणि पैसा कुठून येणार हे ढोबळपणे तरी सांगा. सूचना उत्तम. तिचा लोकसभा-विधानसभेच्या जाहीरनाम्यांवर किती परिणाम झाला ते आपण बघतोच आहोत. प्रभागातल्या आर्ट पेपरपर्यंत तर तिचा वासही पोचलेला नाही.

मग थट्टेचा मार्ग उरतो, आणि तो आमच्या टपरीनेच शोधला असं नाही. २०२१ च्या तामिळनाडू विधानसभा निवडणुकीत मदुराई दक्षिणमधून थुलाम सरवणन नावाचे अपक्ष उभे होते. त्यांनी मतदारांना चंद्राची सहल, घरटी छोटं हेलिकॉप्टर, आयफोन, घरकामाला यंत्रमानव आणि गारव्यासाठी कृत्रिम हिमपर्वत कबूल केला. चिन्ह होतं कचरापेटी. आश्वासनांची खैरात लोकांच्या ध्यानात यावी म्हणूनच हा खटाटोप, असं ते उघड सांगत. आपल्या चंद्रपूरमध्ये वनिता राऊत यांनी २०२४ च्या लोकसभेला गावोगावी बिअर बार आणि स्वस्त विदेशी दारूचं वचन दिलं होतं. त्यावर हसायचं की रडायचं ते ज्याने त्याने ठरवावं, पण ‘गावोगावी’ हे तरी मोजता येतं.

सगळ्यात पुढे गेला आइसलँडचा योन ग्नार. हा विनोदी नट. २०१० मध्ये रेक्याविकच्या नगरपालिकेसाठी त्याने ‘सर्वोत्तम पक्ष’ नावाची टोळी उभी केली. वचनं अशी : पोहण्याच्या तलावांवर फुकट टॉवेल, प्राणिसंग्रहालयाला एक ध्रुवीय अस्वल, आणि दिलेली सगळी वचनं मोडण्याचं आणखी एक वचन. लोकांनी पंधरापैकी सहा जागा देऊन त्याला महापौर केलं. खुर्चीत बसल्यावर समोर आली ती कर्जात बुडालेली नगरपालिकेची वीज-पाणी कंपनी. नोकरकपात करावी लागली, दर वाढवावे लागले. टॉवेल आणि अस्वलाची गंमत तिथे संपली. चार वर्षं पुरी करून तो बाजूला झाला. नटाला जे खुर्चीत बसल्यावर कळलं, ते मतदारानेही समजून घ्यायला हरकत नाही. नगरपालिका ही शेवटी हिशेबाची वही आहे, आणि वहीत विशेषणांचा रकाना नसतो.

ढोबळ वचनाच्या बाजूनेही एक गोष्ट बोलली पाहिजे. एका प्रभागात चार नगरसेवक, तिजोरीची किल्ली आयुक्ताकडे, आयुक्ताची बदली मुंबईच्या हाती, मोठा निधी राज्याकडून यायचा. अशा वेळी नगरसेवकाने छातीठोकपणे आकडा द्यायचा कसा? ‘प्रयत्नशील राहीन’ यात थोडा प्रामाणिकपणाही असतो, हे मला मान्य आहे. पण मग तसं स्पष्ट सांगावं की माझ्या हातात एवढंच आहे. या गल्लीतले नऊ दिवे, ही एक तुंबलेली नाली आणि कोपऱ्यावरची कचराकुंडी. पहिल्या वर्षात दिवे, दुसऱ्यात नाली. अशा उमेदवाराला टपरीवर कुणी हसणार नाही. पण आपण त्याला मत देऊ का, हा प्रश्न आपल्याला अडचणीत आणतो. नऊ दिव्यांपेक्षा कायापालट ऐकायला बरा वाटतो, आणि ही चटक आपल्यालाच लागलेली आहे. ग्राहक मागतो तसा माल बाजारात येतो.

हसण्यातही एक गफलत आहे. टपरीवर दिवसभर आश्वासनांची टर उडवणारी आमची मंडळी संध्याकाळी त्याच रिक्षामागच्या फेरीत दिसली. हसून झालं की हिशेब मागायची गरज वाटत नाही, आणि उमेदवारालाही हे पक्कं ठाऊक असतं. तो आपल्यासोबत हसतो, पाठीवर थाप मारतो, चहाचे पैसे देतो आणि पुढच्या टपरीवर जातो.

शिवाय ज्यांना हसायचीही मुभा नाही अशी माणसं याच वसाहतीत भट्टीसमोर उभी असतात. बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, छत्तीसगडमधून आलेली. त्यांचं नाव इथल्या मतदारयादीत नाही, म्हणून कुठल्याच पत्रकात त्यांच्यासाठी एक ओळ नाही, ढोबळसुद्धा नाही. ८ मे २०२० रोजी, टाळेबंदीत, जालन्याच्या स्टील कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशचे सोळा मजूर रुळांवरून चालत घरी निघाले होते. करमाडजवळ थकून झोपले आणि मालगाडीखाली मेले. त्यानंतर या गावात महापालिकेची, विधानसभेची, लोकसभेची निवडणूक झाली. बाहेरून आलेल्या कामगारांच्या राहण्याच्या खोल्या, त्यांचं पाणी, त्यांचे संडास हा प्रचाराचा मुद्दा झालेला मला दिसला नाही. ज्याचं मत नाही त्याला खोटं वचनही मिळत नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. पत्रकाची पुडी बांधू नका, ते मुलांना विमानं करायला देऊ नका. त्यावर आजची तारीख टाका आणि कपाटातल्या कर-पावत्यांच्या फाइलमध्ये लावून ठेवा. पाच वर्षांनी तीच माणसं, किंवा त्यांची मुलं, पुन्हा हात जोडून दारात येतील. नवं पत्रक हातात घेण्याआधी त्यांना जुनं मोठ्याने वाचायला लावा, आणि प्रत्येक ओळीपाशी थांबवून विचारा : किती, कधी आणि कुठून?